गेरूची तीन बोटं

निवृत्त माणूस एकतर देवाला लागतो, नाहीतर घरच्यांच्या मागे लागतो. होटगीच्या रेल्वे जंक्शनात उभी हयात घालवलेला जोतिराम मात्र रंगाला लागला. सोलापूरच्या उन्हामुळे पडदा ओढलेल्या खिडकीपाशी त्याने जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि कपाटावरचा वीतभर लांबीचा प्लास्टिकचा रणगाडा खाली काढला.

हा रणगाडा थोरल्या भावाचा, शहाजीचा. शहाजी फौजेत खराखुरा रणगाडा चालवायचा, आणि एका सुट्टीत येताना त्याने हे सुट्या तुकड्यांचं खोकं आणलं होतं. मोहोळजवळच्या वस्तीवर, मेंढरांच्या कुंपणाशेजारी बसून दोघा भावांनी तो जोडला आणि हिरवा रंगवला. रंग वाळल्यावर शहाजीने काडी गेरूत बुडवून वरच्या घुमटावर तीन बारीक रेघा ओढल्या. त्यांच्या घरच्या प्रत्येक मेंढराच्या मानेवर बाप रावजी अशीच गेरूची तीन बोटं ओढायचा, म्हणजे चुकलेलं मेंढरू ज्याला सापडेल तो खूण ओळखून आणून सोडायचा. "आता ह्यो बी आपल्याच कळपातला," म्हणून म्हातारा पोट धरून हसला होता.

जोतिरामची वैजयंती तेव्हा नवी नवरी. थोरल्या भावजींना चहा द्यायचा तर ती डोक्यावरचा पदर सारखा करून, खाली बघतच कप ठेवायची, आणि शहाजी मुद्दाम दुसऱ्यांदा चहा मागायचा. तसली दुपार त्या घरात पुन्हा आली नाही. सुट्टी संपवून शहाजी सोलापूरहून गाडीत बसला आणि पलटणीत पोचलाच नाही. शोधाशोध खूप झाली, पण मिठाचा खडा पाण्यात पडावा तसा माणूस नाहीसा झाला.

आई तानाबाई आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी पार अधू. दिवेलागणीला दाराजवळच्या खुर्चीत बसून ती म्हणायची, "शहाजी आला," आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी पावसापाण्याच्या, मेंढरांच्या गप्पा मारायची. घरात याला कुणी वेड म्हणत नव्हतं. वैजयंती एक कप चहा जास्त टाकायची. जोतिरामला तर त्या गप्पांचा लळाच लागला होता. भाऊ नाही, निदान त्याचं नाव तरी रोज घरी यायचं.

रंगकाम तो मोबाइलवर बघून बघून शिकला होता. जुने पोपडे हलक्या हाताने घासून काढले, रंग पातळ करून थरावर थर दिला, खाचांतून काळपट पाणी फिरवलं आणि कोरड्या कुंचल्याने कडांवर वाळवंटाची धूळ बसवली. खऱ्या रणगाड्यांच्या फोटोंत तीन रेघा कुठेच दिसेनात, तेव्हा त्याने त्याही रंगाखाली झाकल्या. आता हुबेहूब झाला. शहाजीने पाठीवर थाप मारली असती, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी तानाबाईने शहाजीचं नाव काढलं नाही. दाराकडे तोंड करून म्हणाली, "दारात कोण तरी हाय. हे घर कुणाचं म्हणून इचारतंय."

दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने जेवणच सोडलं. वैजयंती भाकरी दुधात कुस्करून भरवायला गेली, तर ती तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मनाची तयारी ठेवा. जोतिराम तिचे पाय चेपत बसला, तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "आत कसं घेऊ रं? खूण न्हाय त्याला."

रणगाड्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पण हे जोतिराम बोलणार तरी कुणाजवळ? त्याने रांगोळीच्या डब्यातला गेरू काढून कालवला आणि तो काडी घेऊन बसला. रेघा सरळ होत्या की तिरक्या, तेच आठवेना. बापाचा हात डोळ्यांपुढे यायचा तो मेंढराच्या मानेवरच. शेवटी आरशासमोर उभं राहून त्याने तीन बोटं गेरूत बुडवली आणि स्वतःच्याच मानेवर, कानामागून खाली ओढली. हाताला बरोबर आठवलं. तसंच बघून त्याने घुमटावर काडीने तीन रेघा उमटवल्या, मान साबणाने खसाखसा धुतली आणि आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला.

दिवेलागण झाली. तानाबाईचा चेहरा एकदम खुलला.

"शहाजी आला," ती म्हणाली. तिचा हात चाचपडत त्याच्या मानेपर्यंत गेला आणि धुतलेल्या जागेवर थांबला. "किती वाळलास रं."

आई, मी जोत्या, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं; पण तेवढ्यात तिने आपण होऊन भाकरी मागितली. त्याने भाकरी तिच्या हातात दिली. तिने अर्धी भाकरी चावून चावून खाल्ली, पाणी प्याली आणि समाधानाने टेकून बसली. आई वाचली, एवढंच त्याच्या मनात होतं.

स्वयंपाकघरातून वैजयंतीची पावलं आली, तशी म्हातारीने तिला विचारलं, "जोत्या कसा गं अजून आला न्हाय?"

वैजयंती चहा घेऊन दारात थबकली. गेली कित्येक वर्षं खांद्यावरच असलेला पदर तिने डोक्यावर घेतला, नीट सारखा केला आणि खाली बघतच कप त्याच्यासमोर ठेवला.

"येतील की एवढ्यात," ती म्हणाली. "तवर तुमी चा घ्या, भावजी."