समुद्राची निंदणी

हर्षलचं लग्न झालं ते साल चोवीस. आबासाहेबांचा हा एकुलता एक. माघात लग्न झालं, पुण्याची सून आली, मोनिका. आणि तिच्या मागोमाग, उन्हाळ्यात, तिसगावात समुद्र आला.

टँकर आठ दिवसांनी येणाऱ्या गावात समुद्र थेट बैठकीत येऊन बसला. सहा फुटांची काच, आत दगड, दगडांवर हलणारी पोवळी आणि रंगीत मासे. पाणी खारं, पण ते घरीच करायचं. फिल्टरचं गोडं पाणी घ्यायचं आणि त्यात बॅगेतलं समुद्राचं मीठ मापानं घालायचं. एक हंडा शुद्ध पाणी निघेपर्यंत दोन-तीन हंडे नळीवाटे वाया जात. ते वाया गेलेलं पाणी भरायला शेजारच्या बाया मागच्या दारी रांग लावून उभ्या राहत, आणि आबासाहेब म्हणत, "गावाची सोय केली."

लंकाबाईला हे बोलणं जुन्या ओळखीचं होतं. आबासाहेब पूर्वी ऊसतोडीचे मुकादम. लंकाबाई आणि तिचा नवरा पुंजाराम त्यांच्या टोळीत बावीस वर्षं राबले. तेविसाव्या वर्षी पुंजाराम उसाच्या ट्रकवरून मोळीसकट खाली आला आणि कमरेतून गेला. तेव्हा आबासाहेबांनी बंगल्यामागची पाण्याच्या मोटारीची खोली दोघांना दिली. मोटार बाहेर काढली, खाट आत घातली. बदल्यात लंकाबाईनं बंगल्याची झाडलोट आणि भांडी बघायची. "आसरा दिला," असं आबासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खोलीपुढं उभे राहून सांगत, म्हणजे पुंजारामलाही ऐकू जाई.

गाव आता त्यांना साहेब म्हणत होतं. लंकाबाईच्या तोंडून मात्र मुकादमच निघे. चारचौघांत निघालं की आबासाहेबांचा चेहरा कडू व्हायचा. तेव्हा ते समुद्राकडे बघत.

टाकीची निगा राखायला महिन्यातून एकदा नगरहून पंकजा येई. मुलगी मूळची मिरजगावची, माशांचं शास्त्र शिकलेली. रोजचं काम लंकाबाईवर पडलं, म्हणून पहिल्याच खेपेला तिनं लंकाबाईला खाली बसवलं आणि टाकीखालचं लाकडी कपाट उघडलं. आत आणखी एक लहान टाकी होती. वरचं पाणी नळीनं तिच्यात उतरत होतं आणि पंपानं परत वर जात होतं. आत हिरव्या तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ आणि वर एक दिवा.

"ह्याला रेफ्युजियम म्हणतात, मावशी."

"आन हे कशापायी?"

"जरा टक लावून बघा."

लंकाबाईनं बघितलं. शेवाळात लिखांएवढे पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"वरच्या माशांना हे दिसले की ते गट्ट करतात," पंकजा म्हणाली. "इथं त्यांचं तोंड पोचत नाही. म्हणून हे इथं वाढतात, पिल्लं घालतात. त्यातले थोडे पाण्याबरोबर वर जातात. तो रंगीत मासा आहे ना, तो फक्त हेच वेचून खातो. डब्यातल्या खाण्याला तोंड लावत नाही."

"आन मोठा मासा हितं आनून सोडला तर?"

"मग ही नुसती टाकी. पाणी तेच, काच तीच, पण रेफ्युजियम नाही."

"म्हंजे पानी एकच, पन खानाऱ्याचं तोंड बाहीर."

पंकजा हसली. "मावशी, आम्हाला हे शिकवायला सरांनी एक अख्खा तास घेतला होता."

तो रंगीत मासा म्हणजे सगळ्या समुद्राचा मानकरी. निळ्या अंगावर नारिंगी नक्षी, जरीचा शेला पांघरल्यासारखा. लंकाबाई त्याला नवरदेव म्हणे. दुसरा एक निळा मासा होता, मुठीएवढा, सगळ्यांच्या अंगावर धावणारा. त्याचं नाव तिनं फौजदार ठेवलं.

नवरदेव मोनिकाच्या भावानं दिलेला. आबासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लंके, ह्याला काही झालं तर व्याह्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. मासा गेला की खोली रिकामी करायची. माझी मोटार वर्षभर उन्हात पडलीय."

खोली गेली तर दोघांना मुलामागं, बिभीषणामागं, कारखान्यावर जावं लागणार होतं. म्हणजे पालाची कोपी, खाली ओली जमीन आणि पुंजारामला कुशीवर वळवायला दिवसभर कुणी नाही, कारण पोटासाठी लंकाबाईलाही कोयता हातात घ्यावा लागला असता. तेव्हा नवरदेवाचं पोट भरलं की नाही, हे ती स्वतःच्या जेवणाआधी बघायची.

शेवाळ फार माजलं की पंधरवड्याला मूठभर काढून टाकायचं, असं पंकजानं सांगितलेलं. पण ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातून हिरवं फेकलं जात नाही. दिवसभर ऊस तोडून झाला तरी ती वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊनच कोपीवर येते. लंकाबाईनं पहिली मूठ घरी आणली. बंगल्यातल्या, तोंडाशी फुटलेल्या पाण्याच्या एका जारचा गळा कोयत्यानं कापला, त्यात टाकीतलंच बदललेलं पाणी ओतलं आणि शेवाळ सोडून जार पुंजारामच्या उशाशी खिडकीत ठेवला. पंकजानं हवेचा एक जुना पंप दिला. ठिपके तिथंही नांदू लागले.

पुंजाराम दिवसभर जारकडे बघत पडे. "लंके, आज लई गर्दी हाय," तो सांगे. "बारसं हाय वाटतं कुनाचं तरी."

जानेवारीच्या शेवटी मोनिकाचं डोहाळेजेवण ठरलं. पुण्याहून व्याही, विहीणबाई आणि चार मावश्या येणार होत्या. आदल्या दिवशी आबासाहेब सगळी तपासणी करत समुद्रापाशी आले आणि त्यांनी खालचं कपाट उघडलं.

"हे काय? तण?"

"ते तसंच ऱ्हाऊ द्या मुकादम. पंकजाताईनं सांगितलंय."

"मला शेती शिकवती? माझ्या बापाच्या रानात कधी हराळीची काडी दिसली नाही कुणाला. आणि उद्या व्याह्यांनी कपाट उघडलं तर हे गबाळ दिसणार! म्हणतील, एवढा मोठा बागायतदार आणि निंदणी राहिलीय."

"अवं, त्यात जीव हायेत. नवरदेवाचं खानं हाय त्ये."

"किडे म्हण की!"

त्यांनी बाह्या वर केल्या आणि समुद्र निंदायला घेतला. हराळी काढतात तसं शेवाळ मुळासकट उपटायला ते बघत होते. त्याला मूळच नव्हतं, म्हणून आणखी चिडले. एक तंतू ठेवला नाही. काच ब्रशनं घासली आणि सगळी घमेलंभर हिरवळ उकिरड्यावर ओतली. मग रिकामी झालेली स्वच्छ टाकी बघून त्यांना कल्पना सुचली. जाळीनं फौजदाराला वरून उचललं आणि खाली सोडलं.

"असं पाहिजे रेफ्युजियम," ते म्हणाले. "चकचकीत."

जे चार-दोन ठिपके उरले होते ते फौजदारानं दिवस मावळायच्या आत संपवले.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी विचारलंच, "आबासाहेब, रेफ्युजियम म्हणजे नक्की काय हो?"

आबासाहेबांनी सरपंचाला हे फिल्टर म्हणून सांगितलेलं होतं, डॉक्टरला आयसीयू म्हणून. आता म्हणाले, "सुधारगृह. दांडग्या माशाला इथं आणून वळण लावतात."

मावश्यांनी माना डोलावल्या. एकीनं फोटो काढला. काचेपलीकडून फौजदार तिच्याकडे बघत होता, आणि लंकाबाईला तर वाटलं, तो ढेकर देतोय.

आठवड्यात नवरदेवाचं पोट आत गेलं. दगडा-दगडावर फिरायचा, टोचून बघायचा आणि पुढं सरकायचा. घोडेगावच्या बाजारात कसायाच्या दावणीची म्हैस असते तशी त्याची हाडं दिसू लागली. आबासाहेबांनी वरून डब्यातलं खाणं चिमटी-चिमटीनं टाकलं, मग दोनदा, मग तीनदा. पाणी गढूळ झालं.

"लंके, तू काहीतरी केलंयस," ते म्हणाले. "आठ दिवसांत माशानं अंग धरलं नाही तर बिभीषणाला फोन लाव, तुम्हाला न्यायला ये म्हणावं."

खोलीत आल्यावर लंकाबाईनं पुंजारामला सगळं सांगितलं. त्यानं जारकडे बोट दाखवलं.

"घिऊन जा," म्हणाला.

"अवं, तुमची करमनूक जाईल."

"अर्धी ने. बारसं करनारी मंडळी हायेत ती, पुन्हा वाढत्याल. मी कुठं पळून चाललोय?"

दुसऱ्या दिवसापासून, सकाळी फरशी पुसताना, पदराआड एक तांब्या येऊ लागला. लंकाबाई तो नवरदेवाच्या दगडामागं हळूच ओती. पहिल्या दिवशी तो हललाच नाही. तिसऱ्या दिवशी तांब्या दिसला की दगडाबाहेर येऊन थांबू लागला. पंधरा दिवसांत त्याच्या अंगावर शेला पुन्हा नीट बसला.

"बघितलं?" आबासाहेब सगळ्यांना सांगत सुटले. "निंदणी केली तेव्हा सुधारला!"

फेब्रुवारीच्या शेवटी पंकजा आली. वर नवरदेव टुमटुमीत, आणि खाली फौजदार. तिनं वाकून दोन्ही टाक्या पुन्हा बघितल्या.

"सर, रेफ्युजियम कुठं गेलं?"

"हे काय, समोर आहे."

"ही कोठडी आहे, सर. इथं तर खाणाराच आणून बसवलाय. मग हा वरचा मासा कशावर जगला?"

पंकजानं लंकाबाईकडे बघितलं. लंकाबाईनं ओल्या पदराकडे बघितलं. मोनिका सोफ्यावरून म्हणाली, "पप्पा, मावशी रोज सकाळी तांब्या ओततात. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

सगळे मागच्या खोलीत गेले. खिडकीत गळा कापलेला जार उन्हात हिरवागार उभा होता. पंकजानं वाकून बघितलं आणि म्हणाली, "तुमचं रेफ्युजियम हे आहे, सर. हे नसतं तर मासा केव्हाच मेला असता."

लंकाबाईला वाटलं, आता आबासाहेब खजील होतील. पण बावीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. त्यांनी जारवर हात ठेवला.

"जार कुणाचा? माझा. खोली कुणाची? माझी. दूरदृष्टीनं केलंय सगळं."

पंकजानं जारातलं शेवाळ नेऊन खालच्या टाकीत पुन्हा लावायचं म्हटलं, तर आबासाहेबांनी साफ नकार दिला. हजार ठिकाणी समुद्र असेल, पण ज्याचं रेफ्युजियम स्वतंत्र खोलीत आहे असा समुद्र नगर जिल्ह्यात एकच. त्यांनी खोलीच्या दारावर पितळी पाटी लावली, 'रेफ्युजियम'. खोली रिकामी करायचं बोलणं बंद झालं. मोटार उन्हात गंजली.

आता पाहुणे आधी समुद्र बघत आणि मग मागं येत. आबासाहेब दारात उभे राहून जार दाखवत. जारशेजारी खाट होती, खाटेवर पुंजाराम होता. पाहुणे नाकाला रुमाल लावून त्याच्यावरून जारकडे बघत. एका बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"हे आमच्याकडंच असतात," आबासाहेब म्हणाले.

"त्या जारातला किडाच हाय मी, बाई," पुंजाराम खाटेवरून म्हणाला. "मुकादमाचं तोंड हितवर पोचत न्हाई, म्हनून राह्यलोय."

आबासाहेब मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले. लंकाबाईनं त्याच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

नवरदेव अजून आहे. पुंजाराम नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तीस जुलै दोन हजार पंचवीसला सकाळी नऊच्या सुमारास त्याच खोलीत वारला.