फुटाला पाव इंच

मामा वाळूच्या टेकडीवरून पोटावर झोपून, डोकं पुढे करून सुटला आणि थेट समुद्रात गेला.

असं काहीही झालेलं नाही. मामीने विचारलंच, तर मामा आणि भाचा दिवसभर लॉजच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले होते. समुद्र त्यांनी लांबूनच पाहिला. मामाच्या खिशातून पसाभर वाळू निघाली ती धंद्यातली. मामा फरशी बसवतो. फरशीवाल्याच्या खिशातून वाळू निघणारच; अत्तराची बाटली निघाली तर संशय घ्यावा.

तर जे झालं नाही, ते कसकसं झालं नाही, हे नीट सांगायला हवं.

माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणतात. मामा तीस वर्षं गुडघ्यांवर उभा राहिला. त्यावरच त्याने घर केलं, आणि बहिणीचा दहावीला दोनदा आपटलेला मुलगा हाताखाली घेऊन त्याला कारागीर केलं. हाच तो भाचा. आता मामा उठला की आधी त्याचे गुडघे वाजायचे आणि मग मामा उठायचा. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि वर बजावलं, "नवे गुडघे चालण्यासाठी आहेत, जमिनीला टेकवण्यासाठी नाहीत." म्हणजे काम संपलं. मामाने घरी येऊन थापी, रबरी हातोडी आणि पाणसळ एका पिशवीत घातली, पिशवी भाच्याच्या हातात दिली आणि चहा मागितला. एवढाच समारंभ. दुसऱ्या दिवशी पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी ती बुडबुड्याची वीतभर पट्टी, "जरा बघायला" म्हणून परत नेली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. अजून बघतोच आहे.

भाच्याला त्याचे आभार मानायचे होते. पण ते सोपं नव्हतं. फरशी सुकली की मामा एकेका तुकड्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचा. खाली माल नीट भरलेला नसला की पोकळ आवाज यायचा आणि तो तुकडा उखडला जायचा. माणसांच्या बोलण्यालाही त्याची हीच परीक्षा.

"मामा, तू नसतास तर मी—"

मामाने टेबलावर टकटक केलं. "पोकळ."

भाच्याने दुसऱ्या वेळी 'उपकार' हा शब्द वापरून पाहिला.

"नुसती वरून फरशी. खाली मालच नाही."

शेवटी भाच्याने चार दिवसांची सहल काढली. घरी जमत नाही ते परक्या ठिकाणी जमेल, असा हिशोब. मामीने अटी घातल्या. "चढायचं नाही. उतरायचं नाही. वाकायचं नाही."

"मग टांगून ठेवतेस का मला?" मामा म्हणाला.

"ठेवलं असतं. खुंटी धरायची नाही तुमचं वजन."

पहिल्याच सकाळी मामा लॉजच्या न्हाणीघरात गेला तो बाहेरच येईना. भाचा घाबरून आत शिरला, तर मामा बादलीवर बसून कोपऱ्यातल्या डबक्याकडे बघत होता. पाणसळ जमिनीवर. मॅनेजरला बोलावणं गेलं.

"फुटाला पाव इंच उतार लागतो, जाळीकडे. तुमचा उलटा आहे. पाणी साचतंय."

"काका, नंतर वाळतं ते."

"नंतर माणूस पण वाळतो. म्हणून त्याला कोपऱ्यात साचवून ठेवायचं का?"

मॅनेजरने तक्रारवही आणून दिली. मामाने त्यात न्हाणीघराचा नकाशा काढला, तोही मापात.

लॉजच्या मागे वाळूच्या टेकड्या होत्या, तीन मजली इमारतीएवढ्या. एका टेकडीच्या पायथ्याशी छत्री लावून एक मुलगी घसरायच्या फळ्या भाड्याने देत होती. "उभं राहून घसरा, बसून घसरा, नाहीतर पोटावर," फळीवाली म्हणाली. मग मामाच्या चालीकडे बघून तिने जोडलं, "काका, तुम्ही पोटावर. गुडघ्यांना काही काम नाही त्यात."

"काहीच काम नाही?"

"काहीच नाही."

मामाने हे आणखी दोनदा विचारून घेतलं. सगळ्या आयुष्यात असं काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वर जायचा प्रश्न होता. भाच्याने मामाला पाय पसरून फळीवर बसवलं, दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि ओढायला लागला. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. अर्ध्या वाटेत त्याच्या नाकी नऊ आले.

"भाचेराव, रेती बघ किती बारीक. चाळायला नको. नुसती पडून आहे, कोणी राखणसुद्धा नाही."

"मामा, बोलू नकोस. बोललास की जड होतोस."

माथ्यावर पोचल्यावर फळीच्या पोटाला मेण लावायचं होतं. फळीवालीने वडी देताना सांगितलं होतं, "एक हात फिरवा, बास." मामाने एक हात फिरवला. मग दुसरा. मग खिशातला रुमाल काढून गोल गोल घासत तिसरा. वीस मिनिटांनी फळीच्या पोटात भाच्याला स्वतःचं थकलेलं तोंड दिसायला लागलं. मामाने टकटक केलं, मान हलवली, आणि फळीवर पालथा झाला.

भाच्याने घसा खाकरला. "मामा, आता इथे कोणी नाही, तर मी म्हणतो—"

"नको म्हणूस." मामाचं तोंड खाली, समुद्राकडे होतं. "काम संपलं की घरमालक आभार मानतो. मग आपण पिशवी उचलून निघायचं असतं. मला एवढ्यात निघायचं नाहीये रे."

वाळू सरसरत होती.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. ढकल."

भाच्याने ढकललं. बाकीचे लोक उताराखालच्या लाल झेंड्यापाशी थांबत होते. तीन हातांचं मेण झेंड्यापाशी थांबलं नाही. ते फळीवालीच्या छत्रीजवळून गेलं, फोटोसाठी हसू धरून बसलेल्या एका कुटुंबाच्या मधून गेलं, ओल्या वाळूवर आणखी जोरात गेलं आणि फेसात शिरलं.

भाचा धावत, पडत, गडगडत खाली आला. मामा घोटाभर पाण्यात पालथा पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. भाच्याची पाचावर धारण बसली. वळवून बघतो तर मामा हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग कोपरावर टेकून त्याने खिशातली पाणसळ काढली आणि ओल्या वाळूवर ठेवली.

"इकडे ये. बघ." एक लाट आली, पसरली आणि परत गेली. मागे थेंब साचला नाही. "फुटाला पाव इंच. एवढा मोठा किनारा, आणि एक डबकं नाही." तीस वर्षांत मामाने दुसऱ्याच्या कामाला पहिल्यांदाच बरं म्हटलं. "याला म्हणतात कारागिरी."

भाचा त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

"मामा, मला अजून पोकळ ऐकू येत नाही."

"काय?"

"मी टकटक करतो, मान हलवतो. पण मला सगळ्या फरश्या सारख्याच वाजतात. चार वर्षं झाली, मी नाटक करतोय. नवे गुडघे बसले की साइटवर खुर्ची टाकतो. तू बस, काठीने वाजव, मला शिकव. वाकायचं नाही."

मामाने ओल्या हाताने भाच्याच्या कपाळावर टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"भरीव," तो म्हणाला. "कडेला जरा पोकळ आहे. चालवून घेऊ."

परतताना भाच्याने वळून पाहिलं. टेकडीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत एक सरळ रेघ गेली होती, लाइनदोरी लावून मारल्यासारखी. माथ्याकडून वाऱ्याने ती बुजवायला घेतलीही होती. लॉजवर आल्यावर त्याने तक्रारवही मागितली आणि न्हाणीघराच्या नकाशाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. वारा, समुद्रकिनारा विभाग.

विषय: टेकडीवरील रेघ न बुजवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमच्या मामांनी आज रोजी न काढलेली रेघ पुढील तीस वर्षे आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावी. सदर कालावधीत आपणास वाहणे अत्यावश्यक वाटल्यास, कृपया शेजारच्या टेकडीवरून वाहावे.