सा आणि धच्या मधला सूर

माझा राग नितेशवर नाही, हे आधीच सांगून टाकते. राग आहे तो हरिश्चंद्रकाकांवर. म्हणजे, थोडा नितेशवरही आहे.

काका आमच्या वाडीच्या जाखडीचे शाहीर. नाचे गोल फिरतात, मधे बसून काका गातात आणि त्यांच्या शेजारी कीबोर्ड. वैशाखापासून तो मी वाजवत होते. यंदाचं गाणं काकांनी रचलं, साथीच्या कॉर्ड मी लावल्या. ध्रुपद 'सी'वर संपतं, कडवं 'ए मायनर'वर सुरू होतं. सरळ उडी मारली तर मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं. म्हणून मी मधे दोन मात्रांचा 'जी' घातला आणि डाव्या हाताला त्याच्या खाली नी ठेवला. खालचा सूर सा, नी, ध असा उतरतो, उजवी बोटं जेमतेम एकेक पट्टी सरकतात. कॉर्ड बदलली हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. एवढं जमायला मला तीन आठवडे लागले. काका त्या नीवर श्वास घ्यायचे आणि धवर कडवं उचलायचे.

गणपतीला मुंबईकर आले. बारीच्या, म्हणजे दोन शाहिरांच्या सामन्याच्या, आदल्या दिवशी एकच तालीम, ही आमची जुनी खोड. वाडीच्या मुंबई मंडळाचा नितेश स्वतःचा मोठा कीबोर्ड घेऊन आला आणि काकांनी मला न विचारता त्याला माझ्या जागी बसवलं. मला झांजा दिल्या. झांजा!

नितेशने यंत्रातला ठेका लावला. मी त्याला मधला 'जी' सांगितला.

"अगं, ठेक्यात बसत नाही तो," तो म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"काका, तुम्ही तरी सांगा."

"ऱ्हाऊ दे गो. मुंबैचा पोरगा हाय, त्याला कळतंय सगळा."

गळा राखायचा म्हणून तालमीत काका नुसते गुणगुणले. त्यामुळे त्यांच्या काहीच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिपळुणात बारी. ध्रुपद संपलं, नितेश थेट 'ए मायनर'वर पोचला आणि काका नीची वाट बघत तोंड उघडून बसले. नाच्यांचे पाय ठेक्यावर पडले, काकांचा शब्द दोन मात्रा मागे. दुसऱ्या कडव्यालाही तेच. समोरच्या शाहिराने तिथल्या तिथे कडवं जोडलं: बुवा म्हातारे झाले, आता घरी बसवा. अख्खा मंडप हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खणखणीत गळ्याच्या माणसाची थट्टा, आणि तीही दुसऱ्याच्या चुकीपायी! तिसऱ्या कडव्याला मी तो नी नुसता गाऊन दिला असता तरी काका सावरले असते. नाही दिला. इतकी चिडले होते मी.

बारी हरलो. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा काका जवळ आले.

"अक्षया, तो तुजा मधला सूर नितेशला शिकव गो. रविवारी दुसरी बारी हाय."

म्हणजे काय चुकलं ते त्यांना नेमकं कळलं होतं. तरी जागा त्याची आणि शिकवणी माझी.

"शिकवणार नाही," मी म्हणाले. "वाजवीन. जागा देत असाल तर सांगा."

"मुंबैवाले काय म्हनतील?"

"आज समोरच्याने तुम्हाला भर मंडपात म्हातारा म्हटलं, तेव्हा मुंबईवाले काय म्हणाले?"

काका शाहीर माणूस, सवालाला जवाब देण्यात हयात गेलेली. तरी ते वळून टेम्पोत सामान चढवायला लागले. मी एसटी स्टँडकडे चालू लागले.