पिवळ्या दोऱ्याचे खडस

खडस हा गोदावरीतला मोठ्या खवल्यांचा मासा. पाणी वाढलं की अंडी घालायला वर चढतो. आमच्या गेवराईकडच्या बंधाऱ्याची दारं तेव्हा बंद असली, तर भिंतीशीच अडकतो. खडस हजाराच्या आत निघाले तर आषाढात महिनाभर दारं उघडी ठेवायची, असं ठरलं होतं. मोजायचं काम आमच्या मत्स्य खात्याचं, म्हणजे माझ्याकडे.

नदीतले मासे एकेक करून कोण मोजणार? म्हणून साठ खडस धरले, पाठीवरच्या पराला पिवळा दोरा बांधला आणि सोडून दिले. गढूळ पाण्यात दिसावा म्हणून पिवळा, ही अक्कल माझीच. महिन्याने भोयांच्या जाळ्यांत दीडशे खडस आले, त्यांत दोऱ्याचे फक्त दोन. पंचाहत्तरात एक दोऱ्याचा, आणि दोऱ्याचे एकूण साठ, म्हणजे नदीत साडेचार हजार. साहेब खूश. आता दारं उघडायलाच नकोत.

मला ते पटेना. लेकीला कडेवर घेऊन वत्सलाबाईंकडे गेले. मासे विकता विकता भोयांच्या सगळ्या जाळ्यांची खबर त्यांच्याकडे असते. लेकीच्या हातात भाकरीचा तुकडा देत त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"ते दोन राधाकिशन भोयाच्या पाव्हण्यानं आणले. त्याला आमची रीत न्हाई ठाऊक. पिवळा दोरा बांधलेला जीव देवाला सोडलेला आसतो. आमाला वाटलं, तुमी लेकरासाठी नवस केलाय. अठरा घावले, अठराच्या अठरा हळदकुंकू वाहून सोडले बघा."

त्यांच्या पाया पडावं की स्वतःचं कपाळ बडवावं, कळेना. ते अठरा धरले तर एकशे अडुसष्ट खडसांत दोऱ्याचे वीस. साठातले वीस, म्हणजे तिसरा हिस्सा. मग एकशे अडुसष्ट हाही नदीतल्या खडसांचा तिसराच हिस्सा. सगळे मिळून पाचशे चार.

साहेब हसले. भोयांच्या देवधर्मावर अहवाल निघत नसतो म्हणाले. चूक माझीच, मग चांगला आलेला आकडा कशाला नासवते, असंही विचारलं. लेकरू लहान आहे, घरी बसून त्याच्याकडे बघावं, हा सल्ला फुकट. लेकरू लहान असलं की बाईला भागाकार येत नाही की काय?

"सही करा मॅडम. मासा काय तुमच्या सासरचा हाय?"

"सासरचा नाही साहेब. पण मोजलाय मी."

साडेचार हजारांवर सही केली नाही. दुसऱ्या कागदावर माझी चूक आधी लिहिली, मग कुणी किती खडस कुठल्या डोहात सोडले ते, खाली भोयांच्या सह्या-अंगठे, आणि शेवटी पाचशे चार. आवकच्या टेबलावरचा कारकून तो कागद घेईना. साहेबांना विचारून या, म्हणे. तेवढ्यात लेक भुकेने रडायला लागली. मी खुर्ची ओढली, पदर घेतला आणि त्याच्यासमोरच तिला पाजायला बसले. कागद टेबलावर तसाच. मला घाई नव्हती, तिलाही नव्हती. ती एका बाजूचं पिऊन दुसरीकडे वळली, तेव्हा कारकुनाने मान खाली घालून शिक्का मारला.