तळ्याकाठचा विस्तव

साहेबाचे तंबू बैलगाड्यांतून उतरायच्या आधीच आबाजीच्या अंगात साहेब संचारला होता. एरवी हा कळंबच्या पाटलामागं चार पावलं अंतर ठेवून चालणारा माणूस. पण मुंबईचा कुणी गिरणीवाला गोरा साहेब मडमेला घेऊन आठ दिवस तळ्याकाठी राहायला येणार, बदकं मारणार, होडीतून हिंडणार असं ठरलं आणि पाटलानं आबाजीच्या कमरेला लाल पट्टा बांधून त्याला कॅम्पाचा जमादार केलं. झालं! त्या घडीपासून त्याचे पाय जमिनीला लागेनात.

"ए कोंडे, ऊठ! खोपटी काढ हितनं. हितं सायबाचा तंबू लागायचा हाय."

कोंडी खोपटीच्या तोंडाशी बसून विस्तवात लाकूड सारत होती. ती सारतच राहिली.

"ऐकू येतंय का नाय?"

"येतंय की. उठत नाय, एवढंच."

दर साल दिवाळी उलटली की ठाकरवाडीची सहा घरं डोंगरावरून खाली यायची. तळ्याभोवतीचं गवत कापायचं, त्याच्या गासड्या बांधायच्या. गासड्या गाड्यांतून भिसेगावावरून कर्जत स्टेशनाला जायच्या आणि तिथून मुंबईच्या घोड्यांच्या पोटात. महिना-दीड महिना मुक्काम. कारवीचे कूड, वर पेंढा, तळ्याचं पाणी, तळ्यातलेच मासे. कोंडीचा आजा इथंच उतरायचा, बाप इथंच. पण हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून आबाजीनं पाच खोपट्या उठवल्या होत्या. माणसं टेकाडापलीकडे दगडगोट्यांत, पाण्यापासून लांब जाऊन बसली. कोंडीचा सख्खा भाऊ कमळ्या, तोही मान खाली घालून गेला.

कोंडी मात्र जाणार नव्हती. त्याच दिवशी, मंगळवारी पहाटे, तिची लेक सोमी त्या खोपटीत बाळंत झाली होती.

ठाकरांत बाळंतिणीची एक रीत असते. मूल जन्मलं की आईच्या पायथ्याशी विस्तव पेटवायचा. त्यावर तिला शेक, मुलाला धुरी, त्यावरच तिची पेज. पाचव्या दिवशी पाचवी पुजेपर्यंत तो विस्तव विझू द्यायचा नाही, त्यातला निखारा कुणाला द्यायचा नाही आणि बाळंतिणीला जागेवरून हलवायचं नाही. पाच दिवस, बस्स. कोंडी स्वतः सुईण. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. पण पोटच्या लेकीचं तिला जमलं नव्हतं. सोमीचं पहिलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं. गवताचा ठेकेदार उठा म्हणाला म्हणून त्यांनी मुक्काम हलवला होता. दुसरं चौथ्या दिवशी गेलं, तेव्हाही कुणीतरी उठा म्हणालं होतं. दोन्ही वेळा कोंडी उठली होती. ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

"पाचवी होऊ दे, मंग बघू," ती आबाजीला म्हणाली.

"पाचवी? सायब उद्या येतोय!"

"मंग येऊ दे की. मी कुटं नगं म्हनते?"

आबाजीनं गाडीवानांना हाक मारली, खोपटी उपटा म्हणून. पण बाळंतिणीच्या खोपटीला हात लावून सोयराचा विटाळ कोण अंगाला लावून घेतो? गाडीवान जागचे हलले नाहीत. म्हातारा येसाजी तर बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं तळ्यावरच निघून गेला. आबाजी लालेलाल झाला, पट्टा वर ओढला आणि म्हणाला, "ऱ्हा मंग धुरात!" अरे बाबा, धूर तिचाच होता!

बुधवारी साहेब आला. काय तो थाट! चार तंबू, कापडी खुर्च्या, घडीच्या खाटा, अंघोळीला पत्र्याचा भलामोठा टब, दिव्यांच्या काचा पेंढ्यात गुंडाळून आणलेल्या. स्वयंपाकाला गोव्याचा एक बटलर. मडमेचा तंबू कोंडीच्या खोपटीपासून वीस पावलांवर लागला, कारण पाण्यावरची बरी जागा तेवढीच. ठाकरांनी ती आजोबांच्या वेळेपासून हेरलेली होती आणि साहेबाच्याही नजरेनं तीच हेरली. माणसाला कुठं राहावं ते कळतं, मग तो ठाकर असो नाहीतर गोरा.

गुरुवारी पहाटे दव असं पडलं की बटलरच्या काड्या भिजून गेल्या. एकही पेटेना. साहेबाला उठल्या उठल्या चहा लागायचा. कोंडी तेव्हा पाण्यावर फडकी धूत होती. तिनं मान वळवून पाहिलं, तर आबाजी तिच्या खोपटीच्या तोंडाशी वाकलेला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, फावड्यावर चार निखारे ओढले आणि पाठ फिरवून तरातरा चालू लागला.

"मेल्या!" कोंडी उभी राहिली.

तिच्या नवऱ्यानं, पदूनं, तिचा हात धरला. "गप गं. वरडलीस तर हाय ती जागा बी जाईल. हाय अजून विस्तव, चार निखाऱ्यांनी काय व्हतंय?"

कोंडी पुन्हा फडकी धुवायला बसली. बसली खरी, पण लक्ष सगळं खोपटीकडं. दिवसभर ती दर घटकेला खोपटीत वाकून मुलाच्या नाकाशी बोट धरून बघायची. श्वास लागला की मग गवतावर जायची. मुलगी होती. काळीसावळी, मूठ मिटलेली, रडायला लागली की पलीकडची मडम तंबूतून बाहेर डोकवायची.

शुक्रवारी वारा फिरला. धूर सरळ मडमेच्या तंबूत. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आला आणि आबाजीकडं बघून काहीतरी खेकसला. काय खेकसला ते आबाजीला कळलं नाही, पण आबाजीला कळायची गरजही नव्हती. कोंडी आणि पदू लाकडं आणायला गेलेली. आबाजीनं साहेबाच्या टबातून बादली भरली आणि थेट बाळंतिणीच्या विस्तवावर ओतली.

सोमीची किंकाळी टेकाडापलीकडं ऐकू गेली. कोंडी मोळी टाकून धावत आली. विस्तवाच्या जागी काळा चिखल, त्यातून वाफ. सोमी कुडाला टेकून मुलीला छातीशी घट्ट धरून बसलेली. तिच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "ही बी जायाची का गं?"

राखेत हात घालून कोंडीनं चाचपून पाहिलं. एक निखारा नाही, एक ठिणगी नाही. नवी काडी ओढून पेटवता आला असता, पण तो विस्तव वेगळा. मुलीबरोबर जन्मलेला तो एकच, आणि तो गेला होता.

गेला होता? कोंडी एकदम उठली. फुटक्या मडक्याचं एक खापर उचललं आणि चालायला लागली. तंबूंच्या दोऱ्या ओलांडत, मडमेच्या खुर्चीपुढून, टबाला वळसा घालून ती सरळ बटलरच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली. चुलीभोवती गाडीवान भाकरी खात बसले होते. साहेबाचा रस्सा एकीकडं, ह्यांची भाकरी दुसरीकडं, विस्तव एकच.

आबाजी आडवा आला. "कुटं घुसतेस? ही सायबाची चूल हाय!"

"चूल सायबाची आसंल. विस्तव माजा हाय. माजा मला पायजे."

"तुजा कसा गं?"

"मंग तूच सांग सगळ्यांम्होरं. ह्यो विस्तव आला कुटनं?"

येसाजीचा हात भाकरीवरच थांबला. त्यानं बटलरकडं पाहिलं.

"काल सकाळी ह्यानंच आणला फावड्यावर," बटलर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! "काड्या भिजल्या होत्या ना. रात्री राखेत झाकून ठेवला, तोच चाललाय."

"आबाजी," येसाजी हळूच म्हणाला, "बाळंतिणीच्या शेकाचा आणलास? आनि दोन दिस आमाला त्यावरची भाकर चारलीस?"

आता बघा कशी गंमत. नाही म्हणावं, तर विस्तव आणला कुठून ते सांगायला हवं. हो म्हणावं, तर सोयरातल्या विस्तवावर गावच्या पाच माणसांना जेवू घातलं, हे कबूल. आबाजीनं पट्टा वर ओढला, खाली सोडला, पुन्हा वर ओढला. येसाजीनं भाकरी खाली ठेवली आणि चूळ भरायला उठला. बाकीचेही उठले.

कोंडीला त्यांच्या सोयराशी काही देणंघेणं नव्हतं. ती वाकली, चुलीतले सगळ्यात लाल सहा निखारे हातानंच खापरात ओढले. बोटं भाजली, तिनं ती चाटली.

गडबड ऐकून साहेब आला. "क्या है?"

"कुछ नहीं, सायब," आबाजी म्हणाला.

"कुछ कसं नाय?" कोंडी साहेबापुढं उभी राहिली. कधी जन्मात गोऱ्या माणसाशी बोलली नव्हती. "सायब, दोन दिस तुमचा च्या माज्या लेकीच्या विस्तवावर झाला. आनि तुमच्याच मानसानं तिच्या विस्तवावर पानी वतलं. तिचं लेकरू चार दिसांचं हाय. आता आनखी बादली आनायची आसंल, तर आधी माज्या अंगावर वता."

बटलरनं इंग्रजीत सांगितलं. साहेब आबाजीकडं बघून दोन शब्द बोलला. ते काय होते हे कोंडीनं विचारलं नाही, त्यासाठी थांबलीही नाही. खापरावर फुंकर घालत ती परत निघाली. दोऱ्या ओलांडतानाही तिनं खापर हलू दिलं नाही. पदूनं तोवर चिखल उपसून कोरडी माती टाकली होती. तिनं निखारे ठेवले, कारवीच्या काटक्या लावल्या, आणि जाळ झाला तेव्हा तिथंच बसून ती हमसून हमसून रडली.

शनिवारी पाचवी झाली. दगड मांडला, त्यावर हळदकुंकू, शेजारी विळा, तांदळाची मूठ. मंगळवारची म्हणून पोरीचं नाव मंगळी ठेवलं. मंगळी सोमीच्या अंगावर चपचप दूध पीत होती.

रविवारी सकाळी आबाजी आला. या वेळी आवाज मऊ. "कोंडे, झाली ना गं तुजी पाचवी? तुज्या बोलावर ऱ्हायलीस, कुनी अडवलं नाय. आता ऊठ. सायब आनखी तीन दिस हाय."

पदूनं तर गाठोडं बांधूनही ठेवलं होतं. कोंडीनं ते पाहिलं, उठली आणि गाठ सोडून टाकली. मडकी पुन्हा जागच्या जागी मांडली.

"पाच दिस लेकराचं व्हतं," ती म्हणाली. "लेकरासाटी ऱ्हायले. आता माज्यासाटी ऱ्हातेय."

"किती दिस?"

"गवत सरंस्तवर. दर साली ऱ्हातो तसं."

आबाजीनं गाडीवानांकडं पाहिलं. येसाजी बैलांच्या मानेवरच्या गोमाशा मारत होता, त्यानं काही वर पाहिलं नाही. मग आबाजीनं टेकाडाकडं पाहिलं, कारण कोंडी तिकडंच बघत होती. कमळ्या खांद्यावर कारवीचे वासे घेऊन उतरत होता. त्याच्यामागं चिंधी, तिच्यामागं लडकू, पेंढ्याचे भारे डोक्यावर, पोरं, कोंबड्या, सगळं लटांबर.

"हे काय? हे काय?" आबाजी ओरडला.

"आबाजी," कोंडी म्हणाली, "जरा बाजूला हो. तू उबा हायेस ना, तितं माज्या भावाची खोपटी अस्ती."