इदितबाईंची पात

माझं, या हौशाचं, लोणावळ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून १९३४ च्या कार्तिकात सहली काढणाऱ्या हॉबडे साहेबाने मला धरलं. विलायतेहून आठ हौशी माणसं बोटीने येणार, लोणावळ्याहून आंदर मावळ, मग लोहगड करत पुण्यापर्यंत सायकलवर फिरणार. पुढे वाटाड्या म्हणून साहेब, आणि पंक्चर काढायला नि गावकऱ्यांशी बोलायला मी. घरी सुखाने बसायचं सोडून ही माणसं परमुलखात चढ चढायला येतात, याचं मला हसू यायचं. पण दहा दिवस नवी कोरी सायकल चालवायला मिळत होती, मी कशाला नको म्हणू?

आठांपैकी सात तरणेताठे. आठव्या मिस इडिथ, वय अठ्ठावन्न, शाळेतल्या मास्तरीण. मी त्यांना इदितबाई म्हणायचो. आईचं दुखणं काढण्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. आई गेली आणि त्या या सहलीत नाव घालून निघाल्या. चढ आला की उतरायच्या, सायकल हाताने ढकलायच्या आणि वाटेत दिसेल त्या म्हशीची विचारपूस करत उभ्या राहायच्या. खरं सांगतो, मलाही त्यांचा वैताग आला होता.

साहेब घड्याळाचा माणूस. दोन दिवस बाई उशिरा पोचल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कामशेतहून निघताना त्याने सगळ्यांसमोर बाईंना सांगितलं की आज बाराच्या आत जेवणाच्या जागी पोचला नाहीत, तर संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परत. बाईंनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण नोकराने मधे बोलू नये अशी मी स्वतःची समजूत घातली आणि साहेबाच्या मागे निघालो.

जेवणाची सोय मी टाकव्याच्या पुढे, धोंडाबाई मावशीच्या शेतावर केली होती. भातकापणी चालू होती. बारा वाजून गेले, बाई आल्या नाहीत. साहेबाने घड्याळ खिशात घातलं आणि वाढायची खूण केली. मावशीने पत्रावळी मोजल्या, माणसं मोजली आणि भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकलं.

“एक कमी हाय. कुटं गेलं?”

मागे पडलीय, मी म्हणालो.

“मग तिची पात पुरी हुईस्तवर हितं भाकर सुटायची न्हाई.”

आमच्याकडे कापणीला प्रत्येकीच्या वाट्याला शेताचा एक पट्टा येतो, तीच तिची पात. एखादी मागे पडली तर ज्यांचं उरकलं त्या समोरून कापत तिच्या पातीत शिरतात, आणि मग सगळ्या मिळून भाकरीला बसतात. सहल म्हणजे काय हे मावशीला ठाऊक नव्हतं. एका मुकादमाच्या हाताखाली उन्हातान्हात घाम गाळणारी माणसं म्हणजे मजुरांची टोळी, अशी तिची सरळ समजूत. तिच्या बायकाही विळे खाली ठेवून उपाशीच बसल्या.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हे सांगितलं. साहेब तापला आणि मावशीला समजाव म्हणाला. मी समजावलं. डोंगराला समजावलं असतं तर एखादा धोंडा तरी हलला असता. तेवढ्यात एक तरुण त्या उपाशी बायकांकडे बघत उठला आणि त्याने सायकल घेतली. मग दुसरा उठला, तिसरी उठली. मीही निघालो. शेवटी साहेब एकटाच पत्रावळीपुढे उरला.

बाई आम्हाला कामशेतच्या वाटेवर सापडल्या. बारा वाजलेले बघून त्या आपणहून स्टेशनकडे फिरल्या होत्या. डोळे सुजले होते. कुणी जेवलेलं नाही, तुमच्यासाठी सगळे खोळंबलेत, असं मी सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. “माझ्यासाठी?” असं त्यांनी तीनदा विचारलं आणि भर रस्त्यात रडायला लागल्या. एकाने त्यांची पिशवी घेतली, आणि चढावर दोघं त्यांची सायकल ढकलू लागले.

शेतावर पोचेपर्यंत दोन वाजले. मावशीने पहिली भाकरी इदितबाईंच्या पानात घातली. साहेब बाईंना म्हणाला की उद्यापासून पुढे तुम्ही चाला, बाकीचे तुमच्या चालीने येतील. गाडीचं नावही त्याने काढलं नाही.

मी सुटकेचा निःश्वास टाकून पानावर बसलो. मावशी टोपली घेऊन माझ्यासमोर आली, पण वाढेना.

“त्यो मुकादम परमुलखातला, त्याला आपली रीत ठाव न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “हौशा, तुला तर ठाव व्हती.”

मग तिने भाकरी वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली.