आपण म्हणजे कोण

बाईंच्या वर्गात ‘आम्ही’ म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर होणारी, नर्सिंगची, फिजिओथेरपीची आणि समाजकार्याची मुलं त्या एका खोलीत मुद्दाम एकत्र बसवलेली. कुणाच्या तोंडून चुकून ‘आम्ही डॉक्टर लोक’ निघालं की त्यानं सगळ्यांना चहा आणून द्यायचा. पेशंट काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे का, असं बाई खडसावायच्या. ‘आपण’ म्हणा. आपण तपासू, आपण ठरवू. मुलं पाठीमागे त्यांना आपणबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरी मात्र नवरा चिडवायचा. सुतारकाम करणारा गडी, पण तोंडात खिळे धरलेले असतानाही बोलायचं थांबत नसे. “जगाला आपण-आपण शिकवतेस, आणि घरात सगळं मीच-मीच करत फिरतेस.” त्याच माणसाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक ‘चल’ तेवढा राहिला. पाणी हवं तरी ‘चल’, दुखलं तरी ‘चल’, नर्सनं नाव विचारलं तरी ‘चल’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंना हसू फुटलं. मग बाथरूमचं दार लावून त्या पोटभर रडल्या.

त्याला घरी कधी सोडायचं हे ठरवायला बैठक झाली. उपचार करणारी चौघंही बाईंच्याच हाताखाली शिकलेली. खुर्च्या गोल मांडलेल्या, कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं. खोटं कशाला सांगा, बाईंचा ऊर भरून आला.

“आपण त्यांना सोमवारी घरी सोडू,” डॉक्टर म्हणाला.

“दर दोन तासांनी आपण कूस बदलू. रात्रीसुद्धा,” नर्स म्हणाली. “नाहीतर पाठीला जखमा होतात.”

“सकाळ-संध्याकाळ आपण त्यांना उभं करू,” फिजिओथेरपिस्ट म्हणाला.

“आणि त्यांना एकटं वाटू द्यायचं नाही आपण,” असं म्हणून समाजसेविकेनं बाईंच्या हातावर हात ठेवला.

बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. या शेवटच्या वाक्याला मान मध्येच थांबली. त्यांच्या डोळ्यांपुढे घर आलं. अरुंद जिना, न्हाणीघराची उंच पायरी, धिप्पाड नवरा आणि जरा वाकलं की उसण भरणारी स्वतःची कंबर. संध्याकाळ झाली की ही चौघं आपापल्या घरी जाणार होती.

“हा ‘आपण’ रात्री झोपणार कुठे?” बाईंनी विचारलं. “नाही, म्हणजे त्याचं अंथरूण घालून ठेवायला बरं.”

चौघंही हसली. बाईंची जुनी खोड. पण बाई हसल्या नाहीत, तसं एकेकाचं हसू विरलं.

“तुमचे चिरंजीव येतील ना?” समाजसेविकेनं विचारलं.

“काल फोन केला होता. म्हणाला, बघू आपण.”

डॉक्टरनं घसा खाकरला. “बाई, तुम्ही काळजी करू नका. काहीतरी मार्ग निघेल. बघू आपण.”

म्हणून गेला आणि त्याचेच कान लाल झाले. ‘बघू आपण’चा अर्थ काय होतो ते लहान पोरालाही कळतं. बाईंनी इतकी वर्षं हा शब्द पोरांकडून घोकून घेतला, पण तो सगळ्यांत वाटला की काम कुणाच्याच वाट्याला येत नाही, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

“मी रविवारी येत जाईन, बाई,” फिजिओथेरपिस्ट म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. बाकीचे आपापल्या हातांकडे बघत राहिले. तेही काही वाईट नव्हते. वॉर्डात पेशंट मावत नव्हते.

आता जे म्हणायचं होतं ते बाईंच्या वतीनं दुसरं कुणी म्हणणार नव्हतं.

“मला एकटीला जमणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना घरी नेत नाही.”

त्यानंतर मात्र सगळं भराभर हललं. चौघांनी मिळून फोन केले आणि शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात खाट मिळवली. काम चोख झालं. बाईंनी शिकवलं होतं तसंच. आता फक्त त्याला सांगायचं उरलं होतं, आणि ते कुणी बाईंकडून मागून घेतलं नाही.

त्या वॉर्डात आल्या तेव्हा तो खुर्चीत बसला होता. घरी जायचंय असं कुणीतरी कौतुकानं त्याला आधीच सांगून टाकलं होतं. घरचा सदरा घातला होता, बटणं वरखाली लागली होती. चांगल्या हातानं त्यानं एका पायात चप्पल सरकवली होती आणि दुसरी मांडीवर धरली होती.

“चल,” तो म्हणाला. झटका आल्यापासून आज पहिल्यांदा त्याला नेमकं तेच म्हणायचं होतं.

“अहो,” बाई म्हणाल्या. वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या बाईंना एक वाक्य जुळेना. त्यांनी खाली वाकून त्याची बटणं नीट लावली, खालपासून वरपर्यंत, सावकाश.

“चल,” तो पुन्हा म्हणाला आणि त्यानं मांडीवरची चप्पल त्यांच्या हातात दिली.

बाईंनी ती घेतली, स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी टेकल्या.

“जरा वेळ इथेच बसू आपण,” त्या म्हणाल्या.